पुसला जाणारा मेसेज, न पुसली जाणारी जात



जातीचा हुकूम लेखी नसतो. बौद्धांना कामावर बोलवायचे नाही, किराणा द्यायचा नाही, गिरणीवर त्यांचे दळण घ्यायचे नाही, असा ठराव कुठलीच ग्रामपंचायत आपल्या इतिवृत्तात लिहून ठेवत नाही. तो पारावर होतो, तोंडातोंडी गावभर फिरतो आणि पोलीस आले की "साहेब, असं काही झालंच नाही" म्हणून सगळे मोकळे होतात. 1928 साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांना दडपण्यासाठी सामाजिक बहिष्काराइतके परिणामकारक हत्यार दुसरे नाही, अशा आशयाचे मत समितीने 1930 च्या अहवालात नोंदवले. या हत्याराची खरी ताकद कशात होती? ते वापरले जाते, पण वापरल्याचा कागद मागे राहत नाही, यात.

आज तोच तोंडी हुकूम मोबाइलवर आला आहे. लेखी शब्द एका क्षणात पन्नास घरांत पोहोचतो, ही सोय हुकूम देणाऱ्याला हवी असते. लेखी शब्दाची जबाबदारी मात्र त्याला नको असते. आपोआप पुसला जाणारा मेसेज त्याला या दोन्ही गोष्टी एकदम देतो. म्हणून या विषयाकडे 'तरुणांचे तंत्रज्ञान' म्हणून दुर्लक्ष करणे आम्हाला मान्य नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. चळवळीतही त्यावर उघड चर्चा व्हायला हवी.

मेसेज उडतो कसा?

पुसला जाणारा मेसेज ही फक्त स्मार्टफोनची भानगड आहे असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. साध्या बटणाच्या फोनवरही ही सोय फार जुनी आहे. एसएमएससोबत एक वर्ग-क्रमांक जाऊ शकतो. वर्ग 1 चा मेसेज फोनमध्ये साठतो, वर्ग 2 चा सिमकार्डवर. वर्ग शून्यचा मेसेज इनबॉक्समध्ये न जाता थेट पडद्यावर उमटतो. त्याला फ्लॅश एसएमएस म्हणतात. बंद करण्याचे बटण दाबले की तो गेला. काही फोन 'जतन करू का' म्हणून विचारतात, बरेच फोन तेही विचारत नाहीत. स्टार आणि हॅश लावून शिल्लक रक्कम पाहिली की जो चौकोन येतो त्याची यंत्रणा वेगळी आहे, पण त्याचाही माग इनबॉक्समध्ये राहत नाही. एकेकाळी असा चौकोन अचानक यायचा, म्हातारी माणसे गडबडीत 'ओके' दाबायची आणि गाण्याच्या नाहीतर क्रिकेटच्या सेवेचे पैसे कापले जायचे. शेवटी 2013 मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या. पडद्यावर येऊन नाहीशा होणाऱ्या अक्षरांनी गरिबाची लूट होते, हे सरकारी यंत्रणेला माहीत नव्हते असे नाही.

आमच्यापर्यंत येणाऱ्या तक्रारींत मात्र फ्लॅश एसएमएस क्वचितच असतो. जास्त मेसेज पुसले जातात ते गरिबीमुळे. साध्या फोनमध्ये मेसेजसाठी जागा थोडी असते. ती भरली की जुने मेसेज पुसावे लागतात, काही फोन स्वतःच पुसतात. त्यात एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची 160 अक्षरे मावतात आणि देवनागरीची फक्त 70. म्हणजे माणसाने आपल्या भाषेत आपल्या लिपीत लिहिले तर दुप्पट जागा लागते. दिवसभर रिचार्जच्या, कर्जाच्या, लॉटरीच्या जाहिराती येऊन पडतात. त्यांना जागा करून देण्यासाठी मजुरी जमा झाल्याचा मेसेज जातो, शिष्यवृत्तीचा जातो आणि धमकीचाही जातो.

स्मार्टफोनवर गोष्ट उलटी आहे. तिथे जागेची टंचाई नाही, तिथे पुसणे ही निवड आहे. व्हॉट्सॲपने 2017 मध्ये 'सर्वांसाठी डिलीट' दिले, नोव्हेंबर 2020 मध्ये सात दिवसांनी आपोआप नाहीसे होणारे मेसेज दिले आणि पुढच्या वर्षी 24 तासांचा पर्यायही दिला. तेव्हा गावातल्या पुढाऱ्याचा शब्द त्याच्या मर्जीने पुसला जातो आणि मजुराच्या हातातला पुरावा त्याच्या मर्जीविरुद्ध. दोघांच्या फोनवरून मेसेज गेला, एवढ्यावरून दोघे समान झाले असे कुणी सांगत असेल तर त्याला समाज कळलेला नाही.

"मेसेज दाखव, मग पाहू"

खारपाणपट्ट्यातील एका गावातील शेतमजूर बाईंचे उदाहरण घ्या. नाव आणि गाव आम्ही मुद्दाम देत नाही. थकलेल्या मजुरीसाठी त्यांनी आवाज उठवला. काही दिवसांनी फोनवर मेसेज आला. तक्रार मागे घे, नाहीतर तुमच्या पुऱ्यातल्या एकाही बाईला गावात निंदणाला कुणी बोलावणार नाही, असा त्याचा अर्थ. बाईंना वाचता येत नाही. शाळेत जाणाऱ्या पोरीने वाचून दाखवला. ठाण्यात जाईपर्यंत दोन दिवस गेले. "आला होता ना बाप्पा मेसेज. पोरीनं वाचून दाखोला. मंग कंपनीचे धा मेसेज आले न तो गेला उडून," असे त्या सांगत होत्या. समोरून उत्तर आले, "मेसेज दाखव, मग पाहू."

हे उत्तर बेकायदेशीर आहे, एवढे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती तोंडी दिली तरी पोलिसांनी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, असे कायदा सांगतो. ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील 2015 ची दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. तिच्यानुसार सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणेच नव्हे, तर तशी धमकी देणेही कलम 3(1)(झेडसी) खाली गुन्हा आहे. तोंडी माहिती लिहून न घेणाऱ्या, ती वाचून न दाखवणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम 4 खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. 2018 मध्ये महाजन निकालाने आधी चौकशीची अट घातली, देशभर आंदोलन झाले, संसदेने कलम 18-ए आणले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. म्हणजे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी नको, हे रक्त सांडून मिळवलेले कलम आहे. "मेसेज दाखव" म्हणणारा अधिकारी हीच चौकशी मागच्या दाराने परत आणतो. पुरावा शोधणे हे तपासाचे काम आहे. फिर्यादीने तपास पूर्ण करून ठाण्यात यावे अशी अपेक्षा चोरी झालेल्या सावकाराकडून कुणी करत नाही. मग मजूर बाईकडूनच का?

मार दिसतो, जात शब्दांत असते

काही जण म्हणतील, एका मेसेजचे एवढे काय? प्रत्यक्ष मारहाण झाली तर जखम दिसतेच की! आमचे उत्तर असे की जखमेवर जात लिहिलेली नसते. हल्ला जातीमुळे झाला हे कळते ते हल्ल्याआधी आणि हल्ल्याच्या वेळी उच्चारलेल्या शब्दांवरून. ते शब्द नोंदीत नसतील तर अत्याचार हा 'जुना वाद' होतो, 'शेताच्या बांधाचे भांडण' होतो.

29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. नोव्हेंबरमध्ये संताप रस्त्यावर आला, अमरावतीतही आला, आणि इथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा झाली नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हे प्रकरण सूडाचेच मानले आणि फाशीची शिक्षा 25 वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. ज्या हत्याकांडाने सारा महाराष्ट्र हादरला, त्यातही न्यायालयाच्या नोंदीत 'जात' सिद्ध झाली नाही. मग फोनवरच्या दोन ओळींची किंमत काय असते, हे वेगळे सांगायला हवे का?

दुसरे उदाहरण मुंबईचे. 22 मे 2019 ला नायर रुग्णालयात तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. आत्महत्येपूर्वीची चिठ्ठी खोलीत सापडली नव्हती. ती नष्ट करण्यात आली असा पोलिसांचा आरोप आहे. न्यायवैद्यक तपासणीत पायल यांच्या मोबाइलमधून त्या चिठ्ठीची छायाचित्रे परत मिळवण्यात आली आणि ती आरोपपत्रात दाखल झाली. कागद गेला तरी फोनने शब्द राखले. तो फोन मुंबईतल्या डॉक्टरचा होता, प्रयोगशाळा मुंबईतच होती आणि देशाचे लक्ष तिकडे होते. तेल्हाऱ्याच्या नाहीतर भातकुलीच्या मजुराचा बटणाचा फोन कोणत्या प्रयोगशाळेत इतक्या तातडीने जातो?

प्रमाणपत्राचा डोंगर

मेसेज वाचलाच तरी वाट सोपी नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचा महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणूक वादातून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम 65-बी चे प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच न्यायालयात हजर करून मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात हॅश नावाचा अंकांचा ठसाही द्यावा लागतो.

पुराव्यात फेरफार होऊ नये यासाठी हे नियम आहेत आणि त्यांचा हेतू आम्हाला मान्य आहे. पण हा डोंगर चढण्याचे सामर्थ्य कोणाकडे आहे? साखर कारखान्याच्या संचालकाला तज्ज्ञ मिळतो, शेतमजुराला झेरॉक्सवालाही उधारीवर मिळत नाही. ज्यांचे मेसेज आधीच उडालेले असतात, त्यांच्याकडेच कायदा सर्वात जास्त कागद मागतो.

"मग आमच्या सुरक्षेचे काय?"

आता आपल्याच घरातला आक्षेप. चळवळीतील काही तरुण मित्र म्हणतात, सगळे बोलणे पुसल्या जाणाऱ्या मेसेजवरच करा, सरकार आपल्यावर पाळत ठेवते. त्यांची भीती खोटी नाही. एल्गार प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगच्या 2021 च्या अहवालाने रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्याचा निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही, पण प्रश्न तर उभा राहिलाच. आंतरजातीय प्रेम करणाऱ्या मुलीचा फोन भाऊ रोज तपासतो. तिच्यासाठी पुसला जाणारा मेसेज म्हणजे जीव वाचण्याची शक्यता आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात सांगितले, आणि तो हक्क बटणाच्या फोनवाल्यालाही आहे.

म्हणून पुसण्याची सोय बंद करा अशी मागणी आम्ही करत नाही. आम्ही फरक करायला सांगतो. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने आपले बोलणे झाकावे. ज्याच्या हातात दुसऱ्याच्या भाकरीची, जमिनीची, शिक्षणाची चावी आहे, त्याचा शब्द मात्र नोंदीत राहिलाच पाहिजे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, मुख्याध्यापक, ठाणेदार, ठेकेदार यांचे मजुरांशी, पालकांशी, विद्यार्थ्यांशी होणारे कामाचे बोलणे हे खासगी गुपित नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा 2005 चा कायदा आहे, माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदाही 2005 चाच आहे. ग्रामसभेची सूचना, घरकुलाच्या यादीतील बदल, हजेरीचा आदेश जर 24 तासांत पुसल्या जाणाऱ्या ग्रुपवर दिला गेला, तर माहिती अधिकारात मागायचे काय?

आपल्या संघटनांनाही हाच नियम लावा. वर्गणीचा हिशेब, निवडणुकीच्या पाठिंब्याचा निर्णय, मोर्चा मागे घेण्याचा निरोप पुसल्या जाणाऱ्या मेसेजवर देणारा नेता पोलिसांपासून काही लपवत नसतो. तो कार्यकर्त्यांपासून लपवत असतो.

वही काढा

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी 20 मार्चला आठवतो. त्या तळ्याचा खटला मात्र फार कमी जणांना आठवतो. सनातन्यांनी दावा केला की अस्पृश्यांना चवदार तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट पुरातन आहे. बाबासाहेब दहा वर्षे लढले आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तशी पुरातन वहिवाट सनातन्यांना सिद्धच करता आली नाही. ज्यांनी शतकानुशतके तोंडी नियमांवर राज्य केले, ते पुराव्याच्या जागी येताच हरले. बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' काढले, 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले. त्याच 1927 च्या नोव्हेंबरात, अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटलेला असताना, ते अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले. सभा, खटला आणि वृत्तपत्र ही तिन्ही कामे ते एकदम करत होते, कारण अन्यायाची नोंद आपणच ठेवली नाही तर दुसरा कुणी ठेवणार नाही हे त्यांना ठाऊक होते.

बटणाच्या फोनवर स्क्रीनशॉट निघत नाही. पण दोन रुपयांचा पेन निघतो. म्हणून प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात एक वही ठेवा आणि हे करा:

1. धमकीचा मेसेज आला की बटण दाबण्याआधी शेजारच्याला बोलवा. दोघांनी वाचावा. फ्लॅश असेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा, त्यात नंबर आणि वेळ दिसू द्या.
2. फोटो निघो न निघो, तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर आणि मेसेजचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. वाचणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा. प्रसंगाच्या वेळी स्वतः लिहिलेली किंवा तेव्हाच वाचून खरी असल्याची खात्री केलेली नोंद पाहून साक्षीदाराला न्यायालयात आपले स्मरण ताजे करता येते. पुरावा कायद्यात ही मुभा जुनी आहे आणि नव्यातही कायम आहे.
3. मेसेज पुसला गेला तरी तक्रार सोडू नका. मजकूर कंपनीकडे मिळण्याची आशा धरू नका, पण कोणत्या नंबरवरून कधी मेसेज आला याची नोंद कंपनीकडे असते. डिसेंबर 2021 पासून ती किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन आहे. ती लगेच मागवावी असा अर्ज तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या.
4. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, सिम फेकू नका. स्टार-हॅश-06-हॅश लावून आयएमईआय क्रमांक वहीत लिहा. पोलिसांनी फोन घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा.

आणि सरकारकडे आमच्या मागण्या अशा. अत्याचाराच्या प्रकरणातील फोनच्या तपासणीला प्राधान्य द्या. अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिला त्यासाठी माणसे आणि यंत्रे द्या. कलम 63 च्या प्रमाणपत्रासाठी लागणारा तज्ज्ञ पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळू द्या. सरकारी आणि ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर मेसेज आपोआप पुसण्याची सोय वापरण्यास स्पष्ट बंदी घाला. जिल्हा दक्षता समितीच्या प्रत्येक बैठकीत किती तोंडी तक्रारी नोंदवल्या आणि किती परत पाठवल्या याचा हिशेब ठेवा.

14 एप्रिलला इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर लाखभर सेल्फी निघतात. त्या गर्दीतल्या शिकलेल्या प्रत्येक मुलामुलीला आमचे सांगणे आहे की आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या आजीच्या, काकूच्या बटणाच्या फोनजवळ बसा. आलेले मेसेज वाचून दाखवा. जाहिराती पुसा, कामाचे ठेवा, आणि ठेवण्यासारखे जे उडून जाणार असेल ते वहीत उतरवा. समाजशास्त्राची पदवी घेऊन आम्ही जे शिकलो, त्यातले सगळ्यात उपयोगाचे काम हेच निघाले.

जय भीम! जय संविधान!